शेंडीवाला फोन

अनंता पष्ट्याने आयुष्यात एकही बिनकामाचं काम अर्धवट सोडलं नाही. कामाची कामं मात्र त्याने पुष्कळ सोडली. गोठ्याच्या दाराला कडी बसवा, म्हणून बाईजाने, म्हणजे त्याच्या बायकोने, सांगून तीन वर्षं झाली. कडी अजून पडवीत खिळ्याला लटकते आहे आणि म्हैस रोज सकाळी आपलं आपण दार ढकलून अंगणात येते. त्याच तीन वर्षांत या गृहस्थाने सतरा फोन बनवले, आणि त्यांतल्या एकाचाही कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

मुरबाडला एसटी स्टँडसमोर त्याची मोबाइल दुरुस्तीची टपरी आहे. फुटलेली काच, फुगलेली बॅटरी, लावणीच्या चिखलात बुडालेला फोन, काहीही आणा. हाताला असं वळण की तालुक्यात दुसऱ्या कुणी 'संपला' म्हणून सांगितलेला फोन अनंताकडे आला की संध्याकाळी बोलू लागे. तिथे त्याला सगळे मानत. पण जे फोन खरोखरच मेले, त्यांच्या पट्ट्या, स्क्रीन, स्पीकर पिशवीत घालून तो सरळगावच्या पुढे आतल्या आपल्या गावी न्यायचा, आणि मग रविवारी पडवीत जे चाले ते बघायला अर्धी आळी जमायची.

पहिला फोन त्याने भाजीच्या पळीत बसवला. वाटीत स्क्रीन, दांड्यात बॅटरी. बोलताना पळी कानाला लावली की दांडा मानेवरून मागे जाई, आणि मागून येणाऱ्याच्या पोटात बसे. दुसऱ्याला त्याने दोन्ही बाजूंना स्क्रीन दिली. तो कसाही धरला तरी पलीकडून बोट लागायचंच, त्यामुळे तो फोन आपल्या मनाने लोकांना लावत सुटे. बाईजाच्या माहेरी त्याने एका दिवसात अकरा वेळा फोन केला आणि तिचा भाऊ काय झालं म्हणून रिक्षा करून आला. तिसरा घडीचा होता. ट्रंकेची बिजागरी, ट्रंकेचीच कडी आणि वर छोटं कुलूप. कुलपाची किल्ली हरवली आणि आत पहाटे पाचचा गजर लावलेला राहिला. बॅटरी संपेपर्यंत चार दिवस सगळी आळी पाचला उठत होती.

येणारा-जाणारा विचारी, "अनंता, याचा उपयोग काय रे?"

"काय नाय. असाच," अनंता म्हणे, आणि पुन्हा खाली मान घालून तारांना सोल्डरची झाळ लावत बसे.

त्याचं एक दुखणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. तो व्हिडिओ बघायचा. परदेशातल्या मोठमोठ्या कंपन्या तीन घड्यांचा फोन काढतात, चटईसारखा गुंडाळायचा काढतात, फोनची पाठ काचेची करून आत दिवे लुकलुकवतात. कशाला, हे त्यांना कुणी विचारत नाही. उलट टाळ्या वाजवतात. "त्यांनी केलं तं डिझाइन, मी केलं तं येड," अनंता म्हणायचा. बाईजा म्हणायची, "त्यांच्या गोठ्याला कडी असंल."

हे असंच चालायचं, पण मध्ये रविनाचं लग्न आलं.

रविना त्यांची एकुलती मुलगी. शहापूरला औषधांच्या दुकानात कामाला जायची. तिथे सापगावचा किशोर नावाचा एक मुलगा, आसनगावच्या कारखान्यात वायरमन, बँडेजची पट्टी घ्यायला आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. अकराव्या पट्टीला रविनाने विचारलं, "एवढं लागलंय कुठं तुमाला?" तर त्याला काही सांगता येईना. तिथून पुढे दोघांचं जमलं. रविनाने घरी स्पष्ट सांगितलं की करीन तर याच्याशीच. अनंताला मुलगा पहिल्या भेटीतच आवडला, कारण त्याने पळीवाला फोन हातात घेऊन उपयोग विचारला नाही, "दांडा वाकवला तर?" असं विचारलं.

पण मुलाचा बाप होता बाळाराम. हा बाळाराम पाटबंधाऱ्यावर मुकादम होता, आता घरची शेती बघतो. माणूस सरळ, निर्व्यसनी, आणि साऱ्या पंचक्रोशीत एका प्रश्नासाठी प्रसिद्ध. कोणतीही वस्तू दिसली की तो विचारी, याचा उपयोग काय? दारातली जास्वंद उपटून त्याने तिथे वांगी लावली होती. मिशी असून उपयोग काय, म्हणून मिशी काढली होती. डोक्यावरचे केस मात्र उन्हापासून वाचवतात म्हणून ठेवले होते. एका सोयरिकीला तो ऐन बैठकीतून उठून आला होता, कारण मुलीच्या घरी भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ टांगलेलं होतं. जे घर बंद घड्याळ मिरवतं त्या घरची माणसं काय कामाची, असा त्याचा हिशेब.

हे कळल्यावर बाईजाला घाम फुटला. इथे तर पडवीभर असली घड्याळं होती, आणि ती बंदही नव्हती.

माघातल्या एका रविवारी सुपारी फोडायचं ठरलं. म्हणजे चारचौघांत सोयरीक पक्की करायची. आदल्या दिवशी बाईजाने नवऱ्याला समोर बसवलं.

"अवो, ऐका. उद्या त्यातला एक पन फोन माझ्या नजरंला नको. आन तुमी त्या मान्साशी फोनवर बोलू नका."

"फोनवर कशाला बोलू? तो समोरच बसनार."

"फोनबद्दल बोलू नका! पोरीचं वाटोळं झालं ना, तं मी तुमाला त्या पळीनंच वाडीन."

अनंता मुकाट उठला. रविना कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने नुसतं बापाकडे बघितलं, आणि त्या बघण्याने त्याला बायकोच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्याने एकेक फोन गोणीत भरला आणि गोणी भाताच्या कणगीत तळाशी पुरली. बांबूची ती कणगी पुरुषभर उंच, त्यामुळे तो स्वतःही अर्धा आत गेला होता. बाहेर आला तेव्हा कानात भात होतं.

पण फोन सोळाच भरले होते. सतरावा कुणाला माहीतच नव्हता.

सतरावा म्हणजे घर निजल्यावर जागवलेल्या त्याच्या दोन वर्षांच्या रात्रींचं सार होता. नारळ. खराखुरा नारळ, कापून आतून कोरून काढलेला. नारळाला तीन डोळे असतात. एकात कॅमेरा, एकात माइक, एकात स्पीकर. देवाने नारळाला ती भोकं याच कामासाठी पाडून ठेवली होती आणि इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, असं अनंताचं ठाम मत होतं. आत तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं अस्तर, त्यात स्मार्टफोनचं सगळं पोट. दोन वाट्या उघडल्या की आत स्क्रीन. मिटल्या की सांधा दिसत नसे, कारण वर काथ्याची शेंडी होती. आणि सगळ्यात मोठी करामत त्या शेंडीतच. फोन आला की शेंडी ओढायची, की उचलला जाई. शुक्रवारी तो पहिल्यांदा वाजला तेव्हा अनंता एकटाच पडवीत उभा राहून हसला होता. रविनाला सुपारी झाल्यावर दाखवायचा, असं त्याने ठरवलं होतं.

आता हा लपवायचा कुठे? कणगीत टाकायला जीव होईना. मग त्याला सुचलं, आणि स्वतःच्याच हुशारीने तो खूश झाला. नारळ लपवायचा तर नारळातच! देव्हाऱ्याखाली टोपलीत पूजेचे पाच नारळ होते. त्यांत त्याने सहावा ठेवला. चार पावलं मागे जाऊन बघितलं, तर त्याचं त्यालाच ओळखू येईना. शहाण्या माणसाच्या हातून होणार नाही अशी चूक ही अशी होते.

पाहुणे दहाला आले. बाळाराम ओटीवर बसला आणि त्याने घरभर नजर फिरवली. भिंतीवर घड्याळच नव्हतं. बाईजाने चालू असूनही काढून ठेवलं होतं, उगाच मध्येच बंद पडलं तर? पोहे झाले, चहा झाला. म्हैस आपलं दार उघडून अंगणात आली, तेव्हा बाळाराम म्हणाला, "हुशार हाय जनावर. कडीचा खर्च वाचला." बाईजाच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. रविना आणि किशोर एकमेकांकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करत होते की सगळ्यांना ते दिसत होतं.

मग लखमाबाबा पुढे सरसावले. लखमाबाबा म्हणजे गावातले सगळ्यांत जुने. सुपारी असो, बारसं असो, नारळ त्यांच्याच हातून फुटायचा. त्या गावची रीत अशी की सुपारीआधी मुलीकडचा नारळ देवापुढे फोडायचा, आणि तो लखमाबाबा एका फटक्यात फोडायचे. चाळीस वर्षांत दुसरा फटका लागला नव्हता. याचा त्यांना देवापेक्षाही जास्त अभिमान होता.

बाईजाने टोपलीतला सगळ्यांत देखणा नारळ निवडला, हळदकुंकू लावलं आणि ताटात ठेवून देवापुढे आणला. अनंताने शेंडी बघितली. ती त्याने स्वतः बारा वेळा विंचरलेली शेंडी होती.

आता ओरडावं तर बाळाराम उठून चालता होणार. गप्प राहावं तर दोन वर्षांचं काम त्याच्या डोळ्यांदेखत दगडावर. त्याने रविनाकडे बघितलं. पोरीच्या कपाळावर घाम होता आणि ती दोन्ही हात घट्ट धरून बसली होती. फुटू दे, अनंताने मनाशी म्हटलं. त्याला फार वाईट वाटलं, पण फुटू दे.

लखमाबाबांनी रिवाजाप्रमाणे नारळ कानाशी नेऊन हलवला. "पानी नाय वाटतं," ते म्हणाले. "सुका हाय." आणि त्यांनी तो उंबऱ्यापुढच्या दगडावर हाणला.

ठण्ण!

नारळ फुटला नाही. लखमाबाबांनी नारळाकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे. दुसरा फटका मारला. तिसरा. अनंताला या भीतीच्या गर्दीतही बरं वाटून गेलं. पत्र्याला लावलेलं एम-सील पक्कं बसलं होतं. पाचव्या फटक्याला बायका कुजबुजायला लागल्या, कारण सुपारीचा नारळ न फुटणं हे काही चांगलं लक्षण नव्हे. सहाव्याला लखमाबाबांनी टोपी काढून बाजूला ठेवली. सातव्याला नारळ वाजायला लागला.

चांगला खणखणीत सनई-चौघडा वाजायला लागला. अनंताने मुद्दाम तो निवडला होता.

लखमाबाबांच्या हातातून नारळ निसटायला लागला, म्हणून त्यांनी तो घाईने शेंडीला धरला. शेंडी ओढली गेली. सनई थांबली, आणि नारळाच्या तिसऱ्या डोळ्यातून एक बाई अत्यंत गोड आवाजात बोलली, "प्रिय ग्राहक, आपली वैधता आज संपत आहे."

"माझी?" लखमाबाबा म्हणाले. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

"पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा," बाई म्हणाली.

"आये, पुन्ना नको!" लखमाबाबांनी नारळापुढे हात जोडायचा प्रयत्न केला, पण नारळ हातातच असल्याने जमेना. मागे कुणीतरी फसकन हसलं. किशोर होता तो. मग मात्र अनंता उठला, त्याने नारळ घेतला, शेंडी पुन्हा ओढून बाईला गप्प केलं आणि तिथेच मान खाली घालून उभा राहिला.

"फोन हाय," तो म्हणाला. "मी बनवलाय."

बाळाराम हळूहळू पुढे आला. त्याने नारळ हातात घेतला, फिरवून बघितला, डोळे बघितले, शेंडी बघितली. सगळ्यांना ठाऊक होतं की आता तो काय विचारणार, आणि त्याने तेच विचारलं.

"याचा उपयोग काय?"

अनंताने तोंड उघडायच्या आत बाईजा बोलली. "चोरासाठी हाय! चोर आला तं त्याला फोन हाय ते कळत नाय. त्याला वाटतं नारल हाय."

"चोर नारल नेतो की," बाळाराम म्हणाला.

बाईजाने पदर खोचला. "मंग... झाडावं चडल्यावं उपयोगी. नारलाच्या."

"तुमच्याकडं नारलाची झाडं हायत?"

"नाय," बाईजा म्हणाली, आणि तिचा धीर सुटला. ती नवऱ्याकडे बघायला लागली. काहीतरी बोला, काहीही थाप मारा, असं तिच्या डोळ्यांत अगदी लिहिलेलं होतं. अनंतालाही बोलायचं होतं. म्हाताऱ्यांसाठी आहे, शाळेसाठी आहे, असं काहीतरी. पण त्याच्या हातून कधी खोटी झाळ लागली नव्हती, आणि तोंडातून थापही निघेना.

"काय उपयोग नाय, पावने," तो म्हणाला. "दोन वर्षं लागली मला. उपयोग काईच नाय. नारलाला तीन डोळे दिसले, आन मला वाटलं याच्यात फोन बसंल. बसतो का ते बगायचं होतं. बसला." त्याने आतल्या कणगीकडे बोट दाखवलं. "आजून सोळा हायत. कनगीत पुरलेत. त्यांचा पन काय उपयोग नाय. पन ह्यो माझा येडेपना हाय, पोरीचा नाय. ती लय कामाची हाय."

बाळारामने टोपी नीट केली. आता तो निघून जाणार, हे सगळ्यांना दिसलं. त्याने चपलेकडे बघितलंसुद्धा.

"बाबा," किशोर म्हणाला, "आपल्या सर्ज्याचा उपयोग काय?"

बाळाराम थबकला. सर्ज्या म्हणजे त्यांचा बैल. दात पडलेला, पुढचा पाय अधू, नऊ वर्षांत खांद्यावर जू घेतलेलं नाही. रोज सकाळी बाळाराम त्याला स्वतः धुतो. पौषात म्हसा गावी गुरांच्या जत्रेला टेम्पो करून नेतो. विकायला नाही, नुसतं फिरवून आणायला. येताना त्याच्यासाठी नवी घोंगडी घेतो. हे सगळं किशोरने तिथे, चाळीस माणसांपुढे, सांगून टाकलं.

"तो... शेन देतो," बाळाराम म्हणाला.

"शेन तं म्हस पन देते."

"तसं नाय रे," बाळाराम चाचरला. इतक्या वर्षांत त्याला कुणी त्याचाच प्रश्न विचारला नव्हता, आणि उत्तराची सवय नव्हती. तो अंगणाकडे बघत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "गोठ्यात बसलेला बरा दिसतो."

"तेच!" अनंता ओरडला. "पावने, तेच म्हनतोय मी!"

मग बाळाराम खाली बसला. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली, म्हणजे आता तो जात नव्हता. बाईजाने तोंडाला पदर लावला, आणि रविनाने कधीपासून घट्ट धरलेले हात सोडले.

पण लखमाबाबा अजून उभेच होते, आणि त्यांचा चाळीस वर्षांचा मान दगडावर पडलेला होता. "बसलात सगळे?" ते म्हणाले. "नारल कोन फोडंल?"

"दुसरा आनते बाबा," बाईजा लगबगीने उठली.

"दुसरा चालत नाय. कुंकू लावून देवापुढं ठेवलेला नारल माघारी घेत नाय कोनी. ह्योच फुटला पायजे. नाय तं सुपारी नाय."

"बाबा, तो उघडतो," अनंता म्हणाला. "मी उघडतो ना. दोन वाट्या व्हतात."

"उघडलेला नको. फुटलेला लागतो."

रीत ती रीत. किशोर म्हणाला, आपण काहीतरी वेगळं करू. रविना बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, र्‍हाऊ द्या, फोडू नका. परत कधी करू सुपारी." तिने एवढं म्हटलं, आणि अनंताचं ठरलं. तो मागच्या दारी गेला आणि कोयता घेऊन आला.

तो नारळ कुठे फुटेल हे साऱ्या जगात त्याला एकट्यालाच माहीत होतं. कॅमेऱ्याच्या डोळ्याखाली, बोटभर अंतरावर, पत्रा अपुरा पडला होता तिथे. त्याने नारळ दगडावर ठेवला, लखमाबाबांचा हात धरून कोयत्यावर आणला आणि आपला हात वरून ठेवला. "तुमचाच फटका, बाबा," तो म्हणाला. एकच फटका बसला. नारळाची दोन भकलं झाली. आतली स्क्रीन क्षणभर उजळली, तिच्यावर रविनाचा लहानपणीचा फोटो होता, आणि मग ती काळी झाली.

"एका फटक्यात!" लखमाबाबांनी जाहीर केलं. आधीचे सात कुणीच मोजले नव्हते.

खोबरं नव्हतं म्हणून साखर वाटली. सुपारी फुटली. अनंता माजघरात जाऊन थोडा रडला, आणि बाहेर येऊन म्हणाला की धूर डोळ्यांत गेला. त्या दिवशी घरात चूल पेटलेलीच नव्हती. सगळं जेवण गॅसवर झालं होतं. बाईजाने ते दाखवून दिलं नाही. दोन्ही भकलं धुऊन, पुसून तिने देव्हाऱ्यात ठेवली.

आठ दिवस अनंता टपरीत मुकाट काम करत होता. पिशवी घरी नेली नाही. रविवारी त्याने गोठ्याला कडी बसवली. बाईजाने ती बसवलेली कडी बघितली, आणि तिला काळजीच वाटली. म्हैस आतून दार ढकलत बसली होती.

सोमवारी दुपारी टपरीत फोन वाजला. बाळाराम होता.

"व्याही, बरं हाय ना?" इकडचं तिकडचं झालं. भात कसं उतरलं, लग्न वैशाखात का ज्येष्ठात. मग बोलणं संपलं, तरी बाळारामने फोन ठेवला नाही. मागे बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी ऐकू येत होती.

"व्याही, त्यो नारल," बाळाराम म्हणाला. "तसा आजून एक व्हईल का?"

अनंताला काही कळेना. त्याने जन्मभर ऐकलेला प्रश्न त्याच्याच तोंडून निघून गेला. "कशाला? तुमाला काय उपयोग त्याचा?"

पलीकडे घंटा वाजली, थांबली, पुन्हा वाजली.

"काय नाय," बाळाराम म्हणाला. "असाच."